बूम समोर आला की: तरुण खेळाडू आणि घरच्यांसाठी माध्यमांशी वागण्याचं मार्गदर्शन

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रम शाळेच्या सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. लोकांनी ती बातमी वर्तमानपत्रात वाचली. जानेवारी २०१६. कल्याणमध्ये भंडारी कपच्या सामन्यात पंधरा वर्षांचा प्रणव धनावडे पहिल्या दिवसअखेर ६५२ धावांवर नाबाद होता. दुसऱ्या दिवशी तो खेळायला उतरला तेव्हा वाहिन्यांचे कॅमेरे मैदानाभोवती उभे होते. त्याने नाबाद १००९ केल्या आणि जगभर त्याचं नाव झालं. मुंबई क्रिकेट संघटनेने महिना १० हजारांची शिष्यवृत्ती सुरू केली. पुढच्या वर्षी धावा आटल्या, तेव्हा ती शिष्यवृत्ती थांबवा असं त्याच्या वडिलांनीच संघटनेला कळवलं.

तिघंही शाळकरी मुलं. फरक पडला तो मुलगा आणि वाचक यांच्या मधल्या माणसांमुळे. १९८८ साली मध्ये एक वार्ताहर होता, त्याच्या मागे उपसंपादक होता आणि छपाईपर्यंतची अख्खी रात्र होती. रागात काही बोलून गेलं तरी कुणीतरी ते गाळायचं. कधी दयेने, कधी जागा नाही म्हणून. आज तालुक्याच्या कबड्डी स्पर्धेतही तीन यूट्यूब चॅनेलचे बूम, म्हणजे हातातले माईक, समोर येतात आणि तुमचं वाक्य तुम्ही पाणी पिऊन परत येईपर्यंत गावभर फिरलेलं असतं. शिवाय खेळाडूच्या खिशात स्वतःचा छापखाना आहेच, इन्स्टाग्राम नावाचा. उपसंपादकाचं काम आता खेळाडूलाच करावं लागतं, तेही घाम पुसायच्या आत.

ते कसं करायचं, ते पुढे सांगतो. सोळा ते तेवीस वयाची मुलंमुली आणि त्यांच्या घरचे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. खेळ कुठलाही असो, कुस्ती, खो-खो, नेमबाजी वा क्रिकेट, गोष्टी साधारण सारख्याच लागू होतात.

नाव होण्याआधीची साफसफाई

हे काम आज करा, निवड झाल्यावर नको. निवड यादी लागली की पहिल्या तासात पत्रकार आणि उचापती लोक दोघंही तुमचं जुनं खातं उघडतात.

जून २०२१ मध्ये इंग्लंडचा वेगवान गोलंदाज ऑली रॉबिन्सन लॉर्ड्सवर न्यूझीलंडविरुद्ध पदार्पण करत होता. त्याच दिवशी त्याची आठ-नऊ वर्षांपूर्वीची वर्णद्वेषी आणि बायकांबद्दलची हिणकस ट्विट्स वर आली. त्या सामन्यात त्याने सात बळी घेतले. तरी सामना संपताच मंडळाने त्याला निलंबित केलं. ती ट्विट्स त्याने किशोरवयात केली होती. मैदानावरचं त्या आठवड्यातलं त्याचं काम कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

म्हणून एका रविवारी बसा आणि सगळी खाती सुरुवातीपासून खाली चाळा. फेसबुक विसरू नका. आठवीत काढलेलं, पासवर्डही आठवत नसलेलं खातं बहुतेकांकडे असतं. जातीवरून, धर्मावरून, मुलींवरून केलेले विनोद, शिव्या घातलेल्या कमेंट, हातात कोयता घेतलेले वाढदिवसाचे फोटो, कुणा दादाच्या फ्लेक्सवरचं तुमचं तोंड: सगळं काढा. मित्रांनी टॅग केलेलंही तपासा. पण एक ध्यानात ठेवा, स्क्रीनशॉट आधीच कुणाकडे असू शकतो. पुसून टाकलं म्हणजे झालंच नाही असं पुढे कधी म्हणू नका. प्रश्न आला तर "मी ते लिहिलं होतं, चुकीचं होतं, माफी मागतो" एवढंच बोला. "माझं खातं हॅक झालं होतं" यावर आता शेंबडं पोरही विश्वास ठेवत नाही.

याच बैठकीत सगळ्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. सार्वजनिक पान आणि खासगी खातं वेगळं करा. खासगी खात्यावर फक्त ज्यांच्या घरी जेवायला जाता तीच माणसं.

बोलणार कोण?

खेळाडू अठराच्या आत असेल तर पत्रकाराने आधी पालकांना किंवा प्रशिक्षकांना विचारावं, ही साधी रीत आहे. ती पाळली जात नसेल तर तुम्ही पाळायला लावा. घरातलं एकच माणूस ठरवा, त्याचा नंबर द्या. मुलीचा स्वतःचा नंबर तर कुणालाच देऊ नका. "मुलाखतीसाठी" म्हणून रात्री अकरानंतर येणाऱ्या मेसेजचा मुलाखतीशी फारसा संबंध नसतो.

बापलोकांशी जरा स्पष्ट बोलायला हवं. मुलाच्या यशाचा आनंद समजतो, पण कॅमेऱ्यासमोर निवड समितीवर आरोप करणारा बाप मुलाच्या वाटेत जेवढे काटे पेरतो तेवढे प्रतिस्पर्धीही पेरत नाहीत. उलट उदाहरण कोल्हापूरचं आहे. १ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलच्या तीन पवित्र्यांच्या प्रकारात कांस्य जिंकलं. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलंच वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. घरी पत्रकार जमले तेव्हा वडिलांनी सांगितलं, त्याचं लक्ष विचलित होऊ नये म्हणून आम्ही काल त्याला फोनसुद्धा केला नाही. एवढं एक वाक्य, आणि त्यात मुलाबद्दल, घराबद्दल सगळं आलं.

स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. यात एक व्यवहाराची गोष्ट दडलेली आहे. खेळाडू कोट्यातून रेल्वे, पोलीस किंवा शासनाच्या नोकरीत असाल तर तुम्हाला वर्तणूक नियम लागू होतात. रेल्वेचे १९६६ चे आहेत, राज्य शासनाचे १९७९ चे. खेळाबद्दल बोलायला सहसा कुणी हरकत घेत नाही. पण सरकारी धोरणावर टीका किंवा पैसे घेऊन केलेला कार्यक्रम यासाठी आधी परवानगी लागू शकते. आपल्या कार्यालयात विचारून ठेवा. लीगमध्ये खेळत असाल तर करार वाचा: माध्यमांसाठी किती वेळ देणं बंधनकारक आहे, तुमचे फोटो कोण वापरू शकतं, स्पर्धेच्या काळात बाहेर मुलाखत देता येते का. प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली तेव्हापासून गावच्या मैदानातून थेट टीव्हीवर गेलेली कितीतरी पोरं आहेत, पण सही करण्याआधी करारातलं माध्यमांचं कलम वाचलेलं पोरगं विरळाच. इंग्रजी अडत असेल तर ओळखीच्या वकिलाकडून वाचून घ्या.

पहिला बाईट

बाईट म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं छोटं बोलणं. सगळ्यात जास्त घोळ इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू.

सामना संपल्यावर लगेच बोलू नका. मोठ्या स्पर्धांत खेळाडूंनी पत्रकारांसमोरून जाण्यासाठी कठड्याने आखलेली वाट असते, तिला मिक्स्ड झोन म्हणतात. तिथेही चेहरा धुऊन, दोन घोट पाणी पिऊन जाता येतं. गावच्या मैदानावर तर तुमच्यावर कुणाची सक्ती नाही. "पाच मिनिटं द्या, येतो" म्हणा आणि खरंच या. न आलात तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दाला किंमत राहत नाही.

त्या पाच मिनिटांत तीन गोष्टी ठरवा: आज काय झालं, कुणाचे आभार मानायचे आणि पुढे काय. यापलीकडे काही सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. वाक्यं लहान ठेवा. लांब वाक्य कापायला सोपं असतं. "पंचांचा निर्णय चुकीचा होता असं काही लोक म्हणतात, पण मला तसं वाटत नाही" यातला पहिला अर्धा भाग एकट्याने फिरू लागला की मग बसा खुलासे करत.

भाषेची लाज सोडा. जुलै २०१८ मध्ये आसामच्या हिमा दासने फिनलंडमधल्या टॅम्परे इथे वीस वर्षांखालील जागतिक स्पर्धेत ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलं. त्याच सुमारास भारतीय ॲथलेटिक्स महासंघाच्या ट्विटर खात्यावरून तिच्या इंग्रजीबद्दल शेरा मारला गेला. लोक इतके भडकले की महासंघाला माफी मागावी लागली. तेव्हा मराठीत सुचतं तर मराठीत बोला. इंग्रजीत प्रश्न कळला नाही तर "हिंदीत किंवा मराठीत विचारा" असं सरळ सांगा. न कळलेल्या प्रश्नाला "येस सर" म्हटल्याने जेवढा गोंधळ होतो, तेवढा विचारून घेतल्याने होत नाही.

आता नेहमी येणारे प्रश्न. घरी मोबाईलसमोर यांची उत्तरं बोलून पाहा आणि स्वतःच पुन्हा ऐका.

"पंचांनी तुमच्यावर अन्याय केला का?" हा प्रश्न तुम्हाला चिडवायलाच विचारलेला असतो. उत्तर: "निर्णय मला पटलेला नाही. आम्ही नियमाप्रमाणे दाद मागतोय. तोवर पंचांबद्दल काही बोलत नाही." नाराजी सांगितलीत, मार्ग सांगितलात, मथळा दिला नाहीत.

"ऑलिम्पिकचं पदक पक्कं ना?" जिल्हा पातळीवर जिंकलेल्या मुलालाही हे विचारतात. "पुढच्या महिन्यात राज्य स्पर्धा आहे, आधी ती" हे उत्तर कुणाला भारी वाटणार नाही, पण दोन वर्षांनी तुमच्या तोंडावर फेकलंही जाणार नाही.

"अमक्यापेक्षा तुम्ही सरस आहात ना?" "त्याच्याशी खेळताना शिकायला मिळतं." बास. त्याच्या गावचे लोकही हा व्हिडिओ बघणार आहेत.

"सरकारकडून काय अपेक्षा?" इथे मुलं एकतर रडगाणं गातात किंवा कुणा नेत्याचं नाव घेऊन आभाराचा वर्षाव करतात. दोन्ही टाळा. ठोस मागा: "आमच्या तालुक्यात मॅट नाही, आम्ही मातीत सराव करून मॅटवर खेळायला जातो." असं वाक्य छापून आलं तर कुणीतरी मॅट देण्याची शक्यता तरी असते.

आणि मग तो प्रश्न येतो: "आई धुणीभांडी करते ना? जरा त्याबद्दल सांगा." गरिबीची बातमी माध्यमांना फार आवडते. मी स्वतः क्रीडापानावर काम केलंय, त्यामुळे हा आरोप माझ्याही बिरादरीवर आहे. पत्र्याचं घर, फाटके बूट, डोळ्यांत पाणी, की झाली बातमी. त्यात खेळाचं तंत्र, सराव, चुका यांना दोन ओळीही उरत नाहीत. तुमच्या कष्टांत लाज वाटण्यासारखं काही नाही. पण घरातली गोष्ट तुमच्या एकट्याची नसते. आईला आधी विचारा की तिला कॅमेऱ्यासमोर यायचंय का, तिच्या कामाबद्दल सांगितलेलं तिला चालेल का. तिने नको म्हटलं तर पत्रकाराला सांगा, "घरच्यांबद्दल नको, सरावाबद्दल विचारा." चांगला पत्रकार खूश होईल, कारण सरावाबद्दल बोलणारा खेळाडू त्याला क्वचितच मिळतो.

कॅमेरा कधी बंद असतो?

कधीच नाही, असं धरून चाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीत गादी विभागात शिवराज राक्षे पृथ्वीराज मोहोळकडून हरला. पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, हा त्याचा आक्षेप होता. त्यावर कुस्तीशौकिनांत खरी चर्चा होऊ शकली असती. पण त्याने पंचांना लाथ मारली, ती क्लिप राज्यभर फिरली आणि कुस्तीगीर संघाने त्याला तीन वर्षांसाठी निलंबित केलं. आक्षेप खरा होता की खोटा, हे विचारायलाही मग कुणी उरलं नाही.

चाहत्यांचाही विचार करावा लागतो. २०२३ साली पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेखविरुद्ध गेलेल्या गुणांवरून सोशल मीडियावर रान पेटलं आणि पंचांना फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. तुमच्या नावाने कुणी पंचाला किंवा प्रतिस्पर्ध्याला शिव्या घालत असेल तर त्याच संध्याकाळी तुमच्या पानावर दोन ओळी टाका: पंचांना त्रास देऊ नका, माझ्या नावाने धमक्या देऊ नका. गप्प राहिलात तर लोक होकार समजतात.

"ऑफ द रेकॉर्ड" या शब्दावर फार विसंबू नका. तो करार बोलण्याआधी व्हायला हवा आणि समोरच्याने "हो, छापणार नाही" म्हणायला हवं. बोलून झाल्यावर "हे छापू नका हां दादा" म्हणणं ही विनंती असते. ती मानायची की नाही हे त्याच्या मर्जीवर. कॉलर माईक लावला असेल तर तो काढून हातात देईपर्यंत शेजारच्याशी कुजबुजूही नका.

तासाभराच्या गप्पा

बाईटपेक्षा पॉडकास्ट आणि गप्पांचे कार्यक्रम जास्त धोक्याचे. सोफा मऊ असतो, सूत्रसंचालक हसत असतो, चाळीस मिनिटांनंतर माणूस सैलावतो. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांच्या 'कॉफी विथ करण'मधल्या बायकांबद्दलच्या बोलण्यावरून वादळ उठलं. बीसीसीआयने दोघांना ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावलं. पुढे बीसीसीआयच्याच लोकपालांनी प्रत्येकी २० लाखांचा दंड केला. विचारलेल्या प्रश्नांत जबरदस्ती काहीच नव्हती, मोकळेपणाची चढाओढ तेवढी होती.

होकार देण्याआधी विचारा: विषय कोणते, किती वेळ, थेट की आधी चित्रित, छोट्या क्लिप कोण कापणार आणि कुठे टाकणार. त्या कार्यक्रमाचे दोन जुने भाग आणि त्याच चॅनेलच्या रील बघा. रीलला दिलेले मथळे वाचले की चॅनेलची जात कळते. एखादा विषय नको असेल तर तो लेखी, व्हॉट्सॲपवर का होईना, कळवा. आणि तुमच्याबरोबर एक माणूस खोलीत बसू द्या, ज्याने हात वर केला की तुम्ही थांबाल.

नाही म्हणणं

मे २०२१ मध्ये जपानची टेनिसपटू नाओमी ओसाकाने फ्रेंच ओपनच्या आधी जाहीर केलं की मनःस्वास्थ्यासाठी ती पत्रकार परिषदांना जाणार नाही. पहिल्या फेरीनंतर ती गेली नाही, तेव्हा १५ हजार डॉलरचा दंड झाला आणि चारही ग्रँड स्लॅमच्या आयोजकांनी पुढच्या कारवाईचा इशारा दिला. तिने स्पर्धाच सोडली. नैराश्याबद्दल तिने त्यानंतर मोकळेपणाने सांगितलं. माझं मत विचाराल तर दंड नियमात बसत होता, पण आयोजकांचा सूर उर्मट होता. त्यानंतर खेळाडूंच्या मनाबद्दल बोलणं सगळीकडेच वाढलं, याचं बरंचसं श्रेय तिला जातं.

तुमच्यासाठी यातली व्यवहाराची बाजू ही: त्रास होत असेल तर स्पर्धेच्या आधी व्यवस्थापकांना किंवा संघाच्या डॉक्टरांना सांगा. सामना हरल्यावर निघून जाण्यापेक्षा आधी मागितलेली सवलत मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि एखादाच प्रश्न नको असेल तर अख्खी मुलाखत सोडायची गरज नाही. "यावर मला बोलायचं नाही, पुढचा प्रश्न" हे आवाज न चढवता म्हणता येतं. पत्रकाराने तोच प्रश्न तीनदा विचारला तर तीनदा तेच वाक्य म्हणा, शब्द न बदलता.

मुलींना इथे जास्त झुंजावं लागतं. लग्न कधी, केस का कापले, कपडे असे का, हे प्रश्न मुलांना कुणी विचारत नाही. नागपूरची बुद्धिबळपटू दिव्या देशमुख जानेवारी २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाइक आन झी इथल्या स्पर्धेत खेळली. प्रेक्षक आपल्या डावांऐवजी कपडे, केस, उच्चार यांबद्दलच बोलतात, असं तिने नंतर इन्स्टाग्रामवर लिहिलं. तेव्हा ती अठरा वर्षांची होती. कुणा एकाला शिवी नाही, रडारड नाही. काय घडतं ते तिने मांडलं आणि जगभरच्या माध्यमांनी ते उचललं. जुलै २०२५ मध्ये बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून तिने महिला विश्वचषक जिंकला आणि ग्रँडमास्टर झाली. स्वतःचं पान कसं वापरावं याचं यापेक्षा चांगलं मराठी घरातलं उदाहरण मला माहीत नाही.

स्वतःचं पान चालवताना

रविचंद्रन अश्विनसारख्या खेळाडूंनी यूट्यूबवर थेट बोलायला सुरुवात केल्यापासून पत्रकारांची मक्तेदारी गेली. मला यात वाईट काही दिसत नाही. अश्विन खेळाबद्दल बोलतो, तपशिलात बोलतो, म्हणून लोक ऐकतात. तुम्हीही सराव दाखवा, एखादा डाव कसा टाकता ते सांगा, हरलेल्या सामन्यात काय चुकलं ते सांगा.

काय टाकायचं नाही, त्याची यादी मात्र पाठ हवी. संघात कोण खेळणार, कुणाला दुखापत आहे, खेळपट्टी कशी आहे, हॉटेलची खोली, प्रवासाची वेळ. क्रिकेटमध्ये ही आतली माहिती सट्टेवाल्यांना देणं हा भ्रष्टाचारविरोधी संहितेखाली गुन्हा आहे. विचारणा झाल्याचं न कळवणं हाही गुन्हाच. बांगलादेशच्या शाकिब अल हसनवर ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष स्थगित. त्याने सामना विकला नव्हता; त्याच्याशी संपर्क साधणाऱ्याबद्दल त्याने कळवलं नव्हतं, आणि ते बोलणं व्हॉट्सॲपवर झालं होतं. तेव्हा अनोळखी "चाहता" किंवा "पोर्टलचा पत्रकार" संघाबद्दल बारीक चौकशी करू लागला तर उत्तर देऊ नका, मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढा आणि त्याच दिवशी व्यवस्थापकाला दाखवा.

पैसे मिळाले की

पाच हजार फॉलोअर झाले की कुणीतरी टी-शर्ट पाठवतं, दहा हजार झाले की पावडरचा डबा येतो. पैसे घेतलेत किंवा वस्तू फुकट मिळाली असेल तर पोस्टवर "जाहिरात" असं ठळक लिहिणं बंधनकारक आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे फसव्या जाहिरातीसाठी जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. प्रोटीन आणि ताकदीच्या पावडरींपासून तर दूरच राहा. डब्यात बंदी असलेलं द्रव्य निघालं तर उत्तेजक चाचणीत तुम्ही अडकता, कंपनी नाही.

पैसे लावून खेळायच्या ॲपची जाहिरात आली तर सरळ नाही म्हणा, रक्कम ऐकूही नका. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यात अशा खेळांच्या जाहिरातीसाठी दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

शिव्या, बनावट व्हिडिओ आणि चुकीची बातमी

सप्टेंबर २०२२ मध्ये आशिया चषकात पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून एक झेल सुटला आणि काही तासांत त्याच्यावर देशद्रोहाचे आरोप सुरू झाले. त्याचं विकिपीडियावरचं पानही कुणीतरी बदललं. अशी रात्र तुमच्यावर आली तर फोन भावाकडे किंवा मैत्रिणीकडे द्या. इन्स्टाग्राममध्ये ठरावीक शब्दांच्या कमेंट लपवण्याची आणि अनोळखी लोकांच्या कमेंट काही दिवस रोखण्याची सोय आहे. ती आजच सुरू करून ठेवा आणि लपवायच्या शब्दांत मराठी शिव्या, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत, स्वतः भरा. धमकी किंवा मॉर्फ केलेला फोटो असेल तर १९३० या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. पीडित अठराच्या आत असेल तर लैंगिक छळाच्या प्रकरणात तिची ओळख उघड करणं पॉक्सो कायद्याखाली गुन्हा आहे. हे काही वेळा पत्रकारालाही आठवण करून द्यावं लागतं.

बनावट व्हिडिओ मोठ्यांनाही सोडत नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग ॲपची शिफारस करतोय असा डीपफेक फिरला. त्याने स्वतःच्या खात्यावरून तो खोटा असल्याचं सांगितलं आणि प्रकरण सायबर पोलिसांकडे गेलं. तुम्हीही तेच करा: मूळ व्हिडिओ पुढे न पाठवता, तो खोटा आहे एवढं स्वतःच्या पानावर सांगा.

बातमी चुकली तर आधी त्या वार्ताहराला फोन करा, शांतपणे. दहातल्या बऱ्याच चुका घाईच्या असतात आणि वेब आवृत्तीत लगेच दुरुस्त होतात. न ऐकल्यास संपादकांना लेखी. तरीही दाद मिळाली नाही तर दैनिक-साप्ताहिकांसाठी प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत भारतीय वृत्तपत्र परिषदेकडे तक्रार करता येते. वृत्तवाहिनी असेल तर सात दिवसांच्या आत आधी वाहिनीकडेच तक्रार करा. तिच्या संघटनेच्या तक्रार यंत्रणेकडे त्यानंतर जाता येतं. गल्लीतली यूट्यूब चॅनेलं यात बसत नाहीत, तिथे यूट्यूबकडे तक्रार आणि अगदीच झालं तर वकिलाची नोटीस. फेसबुकवर लाइव्ह येऊन पत्रकाराला शिव्या घालणं हा मार्ग या यादीत मुद्दामच घेतलेला नाही.

वार्ताहराशी नातं

वार्ताहर तुमचा मित्र नसतो आणि शत्रूही नसतो. तालुक्याचा प्रतिनिधी बऱ्याचदा तुटपुंज्या मानधनावर दिवसभर ग्रामसभा, अपघात, बाजारभाव करून संध्याकाळी तुमच्या खो-खोच्या निकालाकडे वळतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे निघाले. तेव्हा शहरातल्या मोठ्या कार्यालयांतून खो-खोची माहिती शोधाशोध सुरू झाली. वर्षानुवर्षं ती लिहून ठेवणारे होते हे जिल्ह्यातले वार्ताहर.

त्यांचं काम सोपं करा, तुमचं आपोआप होतं. निकाल लागला की संध्याकाळी सातच्या आत मेसेज पाठवा, कारण जिल्हा पान लवकर लागतं. मेसेज देवनागरीत लिहा, म्हणजे आडनाव चुकत नाही. त्यात स्पर्धेचं पूर्ण नाव, ठिकाण, तुमचं नाव-गाव-तालुका, वय किंवा वजनगट, गुण, प्रतिस्पर्ध्याचं नाव, प्रशिक्षक आणि तालीम किंवा शाळा. विशेषणं नकोत, "दैदीप्यमान यश" त्याला कापावंच लागतं. फोटो आडवा, खेळतानाचा, मूळ आकारात आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला, म्हणजे व्हॉट्सॲप तो बारीक करत नाही. सत्काराचाच फोटो असेल तर खाली डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. आणि हरलात तरी हाच मेसेज, याच वेळेला पाठवा.